दोन हजार तासांचा डबा आणि हदगावचा उन्हाळा

एलईडी बल्बच्या खोक्यावर '२५,००० तास' असं छापलेलं असतं. रोज आठ तास लावला तर साडेआठ वर्षं. ५ जानेवारी २०१५ला सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, त्यातले दोन कोटींहून अधिक महाराष्ट्रात. बिघडला तर फुकट बदलून देण्याची मुदत मात्र तीन वर्षांची होती. साडेआठ आणि तीन यांतला फरक नुसत्या व्यापारी सावधगिरीचा नाही. पंचवीस हजार हा आकडा एलईडीच्या उजेडाचा आहे: तो मूळच्या ७० टक्क्यांवर उतरायला लागणारा वेळ. बल्बच्या बुडाशी २३० व्होल्टची एसी वीज घेऊन एलईडीला डीसी पुरवणारा जो छोटासा बोर्ड बसलेला असतो, त्याच्याबद्दल खोकं काही बोलत नाही. आणि बल्ब पुष्कळदा तिथेच मरतो.

सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, राउटरचा ॲडॉप्टर, मोबाइलचा चार्जर, भिंतीवरचा नवा स्मार्ट मीटर, सगळ्यांच्या पोटात थोड्याफार फरकाने हाच मामला. आलेली एसी डायोडच्या पुलातून सरळ करायची, एका कपॅसिटरमध्ये साठवायची, आयसीने सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा तोडून चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणायची आणि दुसऱ्या कपॅसिटरमधून गाळून बाहेर द्यायची. या साखळीत आयसी, डायोड, ट्रान्सफॉर्मर हे भाग जळतात तेव्हा बहुधा अपघाताने जळतात. रोज, ठरलेल्या गतीने झिजणारा भाग मुख्यतः एकच: ॲल्युमिनियमच्या डब्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, दुरुस्तीच्या टेबलावरचा 'कंडेन्सर'. त्यामुळे ॲडॉप्टर किती वर्षं टिकेल हा प्रश्न व्यवहारात या डब्याच्या आयुष्याचा प्रश्न होतो.

नांदेड जिल्ह्यातल्या हदगावात कपॅसिटर म्हटलं की आधी शेतातला पंप आठवेल. कृषिपंपाला कपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढून टाका, असं महावितरण वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना सांगत आलं आहे. तो कपॅसिटर वेगळा. पातळ प्लास्टिक फिल्मचा, थेट एसीवर चालणारा; पंख्यातलाही त्याच जातीचा. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ओल असते, आणि सगळी भानगड त्या ओलीची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारोल पोलाक या संशोधकाने जे तत्त्व पकडलं तेच आजही चालतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढवायचा. हा थर विजेला अडवतो. ४०० व्होल्टच्या कपॅसिटरमध्येही त्याची जाडी पाऊण मायक्रॉनच्या आतबाहेर असते, म्हणून एवढ्याशा डब्यात एवढी साठवण बसते. पत्र्याला रसायनाने कोरून खडबडीत केलेलं असतं, आणि त्या खाचाखोचांत पोचायला घट्ट धातू चालत नाही, द्रव लागतो. म्हणून दोन पत्र्यांच्या मधे इलेक्ट्रोलाइटने भिजवलेला कागद. सगळं गुंडाळून डब्यात भरायचं आणि खालून रबराचं बूच दाबायचं. त्या रबरातून इलेक्ट्रोलाइटची वाफ कणाकणाने बाहेर जात राहते. कागद सुकत जातो, साठवण घटते, आतला रोध वाढतो. त्या रोधाला ईएसआर म्हणतात.

उष्णतेने ही क्रिया किती वेगाने होते, याचं गणित स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८९मध्ये रासायनिक क्रियांसाठी मांडलं होतं. कपॅसिटरवाल्यांनी त्याचं एक सुटसुटीत रूप केलं: तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट, १० अंशांनी वाढलं की निम्मं. माहितीपत्रकात '१०५ अंशांना २,००० तास' असं दिलेलं असतं. ९५ला ४,०००, ८५ला ८,०००, ७५ला १६,०००, ६५ला ३२,०००. नियम ढोबळ आहे, पण जगातले बहुतेक उत्पादक त्याच्याच आधाराने आपली सूत्रं देतात. खाली ४० अंशांच्या पलीकडे तो ताणायचा नाही आणि उत्तर कितीही मोठं आलं तरी १५ वर्षांवर थांबायचं, कारण तोवर रबराचं बूचच म्हातारं होतं.

म्हणजे '२,००० तास' हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं तो डबा जिथे राहतो ते घर लिहितं.

ते घर हदगावचं धरू. नांदेड पट्ट्यात मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंश ही नित्याची गोष्ट. लातूर बालाघाटाच्या उंचीवर असल्याने थोडं सौम्य, पण फार नाही. सावलीतल्या हवेचं तापमान हे. पत्र्याच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, भिंतीला लागून लटकलेल्या ॲडॉप्टरभोवती ते याहून चढं असतं. १२ व्होल्ट १ ॲम्पियरचा ॲडॉप्टर पूर्ण भारावर बाहेर १२ वॉट देतो आणि आत घेतो सुमारे १५. मधले तीन वॉट उष्णता होऊन त्या बंद प्लास्टिकच्या डबीत राहतात. डबीला झरोके नसतात. आत कपॅसिटरच्या अंगाचं तापमान बाहेरच्यापेक्षा तीसेक अंशांनी चढलं तर नवल नाही. ४५ अधिक ३० म्हणजे ७५. दोन हजार तासांचा डबा या तापमानाला १६,००० तास टिकेल. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी ॲडॉप्टर बोर्डावर चालूच राहतो, म्हणून दिवसाचे चोवीस तास धरले तर बावीस महिने.

वर्षभर मे नसतो, हे खरं. इथे मात्र हिशेबात एक फसगत होते आणि ती चांगल्या अभियंत्यांचीही होते. वर्षाचं सरासरी तापमान काढायचं आणि सूत्रात घालायचं, असं केलं की उत्तर गोड येतं. समजा वर्षाच्या ८,७६० तासांपैकी २,००० तास डब्याचं अंग ७५ अंशांवर आहे, ४,००० तास ६५वर आणि उरलेले २,७६० तास ५५वर. सरासरी साधारण ६४ अंश. सूत्र सांगतं ३४,००० तासांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ३.९ वर्षं. पण डबा सरासरीने झिजत नाही. ७५ अंशांवरचे २,००० तास त्याच्या १६,००० तासांच्या आयुष्यातला आठवा हिस्सा खातात. ६५वरचे ४,००० तास ३२,०००मधला आठवा हिस्सा खातात. ५५वरचे २,७६० तास ६४,०००मधले, म्हणजे चार टक्क्यांच्या थोडे वर. एका वर्षात एकूण २९ टक्के आयुष्य गेलं, डबा ३.४ वर्षांत संपला. त्यातलं ४३ टक्के नुकसान वर्षाच्या जेमतेम पावभर तासांत झालं. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण कल कुठल्याही आकड्यांनी तोच निघेल: मराठवाड्यात ॲडॉप्टर मार्च ते जूनमध्ये म्हातारा होतो आणि बाकीचं वर्ष काढतो.

याच गणितातून घराचा फरकही दिसतो. माळवदाच्या जुन्या घरात मातीचं जाड छत दुपार बाहेरच ठेवतं. तोच ॲडॉप्टर शेजारच्या पत्र्याच्या खोलीत दहा अंश जास्त सोसत असेल तर त्याचं आयुष्य नेमकं निम्मं. कंपनी एक, खेप एक, गल्ली एक. तरी एक पाच वर्षं चालतो आणि दुसरा अडीच. दुकानदाराला दोष देण्याआधी छत बघावं. (२००५नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण मराठवाड्यात दिवसातले दहा-बारा तास लाइट नसायची. त्या काळचे ॲडॉप्टर 'मजबूत' होते अशी जी आठवण निघते, तिचा काही वाटा भारनियमनालाही द्यायला हवा. बंद पडलेला डबा तापत नाही.)

तापमान मोजायचं कुठे, हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. बाहेरच्या हवेचं मोजून चालत नाही, ॲडॉप्टरच्या प्लास्टिकचंही नाही. मल्टिमीटरसोबत मिळणारा थर्मोकपल कपॅसिटरच्या डब्याला उष्णता सोसणाऱ्या पट्टीने चिकटवायचा, वायर फटीतून बाहेर काढून डबी पुन्हा घट्ट बंद करायची, पूर्ण भार लावून तास-दीड तास थांबायचं. आकडा स्थिर झाला की त्यातून त्या वेळचं खोलीचं तापमान वजा करायचं. जी वाढ उरेल ती उन्हाळ्याच्या तापमानात मिळवायची. उघड्या बोर्डावर मोजलेला आकडा निरुपयोगी असतो. आणि प्राथमिक, म्हणजे मेन्सच्या बाजूला सव्वातीनशे व्होल्ट असतात, तेव्हा सवय नसलेल्याने यात पडू नये.

डब्याच्या आतही थोडी उष्णता तयार होते. कपॅसिटरमधून येजा करणारा रिपल करंट त्याच्या ईएसआरमध्ये ऊर्जा जाळतो आणि गाभा पृष्ठभागापेक्षा काही अंश जास्त तापतो. मेन्सची वीज साठवणाऱ्या मुख्य डब्याला हा करंट दोन सुरांत येतो: मेन्सचे सेकंदाला शंभर ठोके आणि आयसीचे हजारो. ईएसआर दोन्हींना वेगवेगळा, म्हणून प्रत्येकाला त्याचा गुणक लावून, वर्ग करून, बेरीज करून मूळ काढावं लागतं. उत्पादकांच्या सूत्रांत या आतल्या तापाला बाहेरच्या तापमानापेक्षा जास्त शिक्षा असते. यात एक दुष्टचक्र दडलं आहे. डबा सुकतो तसा ईएसआर वाढतो, ईएसआर वाढला की गाभा जास्त तापतो, जास्त तापला की जास्त सुकतो. शेवटचे काही महिने म्हणूनच घाईत जातात.

आता 'संपला' म्हणजे काय? माहितीपत्रकाच्या लेखी साठवण २० टक्क्यांनी घटली किंवा आतला ऊर्जाऱ्हास दुप्पट-तिप्पट झाला की आयुष्य संपलं. ॲडॉप्टरच्या लेखी नाही. मुख्य कपॅसिटर १५ मायक्रोफॅरडचा धरा. मेन्स दर १० मिलिसेकंदांनी शिखरावर येते. मधले आठेक मिलिसेकंद आयसी या डब्यातूनच खात असतो. लातूरकराला हे वेगळं सांगायला नको: नळ आठ-दहा दिवसांनी येत असेल तर मधल्या दिवसांचा भरवसा ड्रमावर. २३० व्होल्टचं शिखर ३२५. पंधरा वॉट खेचले तर पुढच्या शिखरापर्यंत व्होल्टेज २९९वर येतं. २० टक्के साठवण गेली तर २९३वर. ॲडॉप्टरला काही कळतही नाही. डबा पार सुकून ५ मायक्रोफॅरडवर आला तरी २४०वर टिकतो आणि टीव्ही चालू राहतो.

पण संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा झाल्यावर गावात बरंच सुधारलं; शेतातल्या आखाड्यावर, रब्बीत पंप सुरू असताना, लाइनच्या टोकाला १६० व्होल्ट दिसणं नवं नाही. त्याचं शिखर २२६. नवा डबा तिथून १८७पर्यंत उतरतो आणि तग धरतो. पाच मायक्रोफॅरडचा सुकलेला डबा ५५पर्यंत कोसळतो. आयसी बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. 'सकाळी चांगला चालतो, रात्री लुकलुकतो' ही तक्रार ऐकून सगळा दोष लाइनला दिला जातो. लाइन वाईट असतेच, पण तिने फक्त आधीच मेलेला डबा उघडा पाडलेला असतो. म्हणून आयुष्याचा अंदाज सांगताना व्होल्टेजचं तळ कुठवर जाईल हेही सांगायला हवं. पुणे-मुंबईच्या स्थिर पुरवठ्यावर हाच ॲडॉप्टर आणखी वर्ष-दोन वर्षं सुखाने ओढेल. आयुष्य एक, मरणाच्या तारखा दोन.

आणि मुख्य डबा हा काही पहिला जाणारा नव्हे. छोट्या ॲडॉप्टरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर साधारण तीन असतात. मुख्य डबा ४०० व्होल्टचा, आकाराने मोठा. बाहेरच्या बाजूचा १६ किंवा २५ व्होल्टचा, तापलेल्या डायोडला खेटून, आणि त्यातून जाणारा उच्च वारंवारतेचा करंट ॲडॉप्टरच्या आउटपुटपेक्षाही जास्त भरू शकतो. हा सुकला की बॉक्स मधेच अडकतो, राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट बरोबर दिसतात, कारण मीटर सरासरी दाखवतो, खळखळ दाखवत नाही. तिसरा मात्र खरा छुपा रुस्तम: आयसीला स्वतःचं जेवण पुरवणारा, १० किंवा २२ मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा, पाच मिलिमीटर जाडीचा. डबा जितका बारीक तितका इलेक्ट्रोलाइट कमी, म्हणून त्याच मालिकेत बारीक डब्यांना तास कमी दिलेले असतात. तो बसवलेला असतो आयसी आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधे, सगळ्यात गरम कोपऱ्यात. सुकला तरी चालू ॲडॉप्टर चालूच राहतो. लाइट जाऊन परत आली की मात्र उठत नाही. जिथे महिनोन्‌महिने लाइट जात नाही तिथे हा दोष झोपून राहतो. हदगावात तो दोन दिवसांत बाहेर येतो. 'लाइट आल्यावर झटका बसला आणि उडाला' असं निदान होतं. अनेकदा झटका नसतो, जेवण नसतं.

वर तोंडाकडे फुगलेला कंडेन्सर ओळखायला सोपा, कारण मोठ्या डब्यांच्या माथ्यावर फाटण्यासाठी खाच ठेवलेली असते. पाच-सहा मिलिमीटरच्या बारक्यांना ती बहुधा नसते. ते चेहरा न बदलता सुकतात. डोळ्याने तपासणारा दुरुस्तीवाला त्यांना सोडून देतो. ईएसआर मीटर ज्याच्याकडे आहे तो धरतो.

झटक्यांचं प्रकरण वेगळं आणि त्याला आयुष्याचं सूत्र लागू नाही. ४०० व्होल्टच्या डब्याला मेन्स २८३ व्होल्टपर्यंत सुरक्षित; त्याचं शिखर बरोबर ४००. रोहित्रावरचा न्यूट्रल तुटला की एखाद्या घरात तीनशे-साडेतीनशे व्होल्ट शिरतात आणि त्या गल्लीतले सगळे डबे एकाच मिनिटात फुटतात. अशा वेळी ४५० व्होल्टचा डबा थोडी अधिक उसंत देतो, एवढंच. पाल बोर्डवर चढून शॉर्ट होणं हेही सूत्राबाहेरचं, पण शेतातल्या स्टार्टरचा अनुभव असलेला माणूस ते हसण्यावारी नेणार नाही.

स्वस्त बल्ब आणि नाइट लॅम्प यांत कित्येकदा आयसी नसतोच. एक फिल्म कपॅसिटर मेन्सशी सिरीजमध्ये घालून करंट मर्यादित करतात. तिथे झिजतो तो फिल्म कपॅसिटर: ओलाव्याने त्यावरचा धातूचा पातळ मुलामा खाल्ला जातो, साठवण घटते, उजेड मंदावतो. त्याच्या कसोट्या म्हणूनच उष्णतेच्या जोडीला आर्द्रतेच्या असतात, ८५ अंश आणि ८५ टक्के अशा. माझा तर्क असा की कोकणातला ॲडॉप्टर आणि मराठवाड्यातला ॲडॉप्टर वेगवेगळ्या आजारांनी जातात; एकाच गोदामातून दोघांना एकच माल पाठवणाऱ्यांनी याचा विचार केलेला फारसा दिसत नाही. इलेक्ट्रोलिटिक पूर्ण वगळलेले बल्बही निघाले आहेत. त्यांचा उजेड सेकंदाला शंभरदा थरथरतो. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पट्टे दिसतात. झिजणारा भाग काढला, किंमत डोळ्यांवर टाकली.

विश्वासार्हतेचा आकडा म्हणून माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट असते, एमटीबीएफ: पाच लाख तास, दहा लाख तास. पाच लाख तास म्हणजे ५७ वर्षं, असं वाचून ग्राहक भारावतो. त्याचा अर्थ एवढाच की पाचशे नवे ॲडॉप्टर हजार तास चालवले तर सरासरी एखादा अपघाताने बिघडेल. म्हातारपण त्यात मोजलेलंच नसतं. हे आकडे ज्या अमेरिकी लष्करी पुस्तिकेच्या पद्धतीने काढले जात, तिची शेवटची सुधारणा १९९५ची आहे. म्हातारपणासाठी वायबुलचं वितरण वापरतात. १९५१मध्ये त्यावर निबंध लिहिणारा वालोदी वायबुलही स्वीडिशच. मराठवाड्याच्या उन्हाळ्याची दोन्ही गणितं थंड देशातून यावीत, याची मला गंमत वाटते. वायबुल सांगतो ते एवढंच, की ३.४ वर्षं ही तारीख नसते, पसारा असतो: काही डबे अडीचला जातील, काही पाचला. हा पसारा प्रत्यक्ष किती, हे कळायला प्रत्यक्ष वापरातल्या मालाची नोंद लागते, आणि ती कुणी ठेवत नाही. कंपनीकडे फक्त हमीच्या मुदतीत परत आलेला माल पोचतो. म्हातारपणाने गेलेला ॲडॉप्टर भंगारात जातो. त्याची सगळ्यात चांगली वही केबल ऑपरेटरच्या आणि दुरुस्तीवाल्याच्या डोक्यात असते.

सूत्र गृहीत धरतं की डबा प्रामाणिक आहे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर फुगले. एकट्या डेल कंपनीला त्यापायी २००५मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. उष्णतेचं गणित तिथे चुकलं नव्हतं, रसायन चुकलं होतं. सुट्या बाजारात आजही मोठ्या वेष्टनात लहान डबा घालून विकण्याचे प्रकार होतात. ८५ अंशांचा डबा १०५च्या जागी बसवला की काय होतं ते वरच्याच नियमाने काढता येतं: ७५ अंशांवर १६,००० तासांऐवजी ४,०००. साडेपाच महिने.

खरी परीक्षा पुढे आहे ती स्मार्ट मीटरची. महावितरण राज्यभर बसवत असलेले हे मीटर चोवीस तास चालू, बहुधा घराच्या बाहेरच्या भिंतीवर, काही पश्चिमेच्या उन्हात. दहा वर्षं चालायचं तर ८७,६०० तास. आतल्या पुरवठ्यात इलेक्ट्रोलिटिक असेल आणि तो २,००० तासांचा असेल, तर त्याचं अंग वर्षभराच्या झिजेच्या हिशेबाने सुमारे ५० अंशांवर राहायला हवं. हदगावच्या उन्हातल्या बंद पेटीत ते कठीण आहे. ५,००० तासांचा घेतला तर ६४ अंश चालतील, १०,०००चा घेतला तर ७४. या तीन डब्यांच्या किमतीतला फरक काही रुपयांचा असतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०११मध्ये ज्या फिलिप्सच्या बल्बला एल प्राइझ दिलं, त्याचे २०० नमुने ४५ अंशांच्या हवेत हजारो तास चालवून पाहिले होते. तिथे ती कडक कसोटी होती. इथे तो मे महिना. मीटरच्या निविदेत अचूकता, संदेशवहन, छेडछाड यांच्या अटी पानोपानी असतात. माझ्या मते 'भर उन्हात, पेटीत, कपॅसिटरच्या अंगाचं मोजलेलं तापमान' ही एक अट त्या सगळ्यांइतकीच महत्त्वाची आहे, कारण तो आकडा मिळाला तर उरलेला हिशेब दहावीतल्या मुलालाही जमेल.

चार्जर लहान होत चालले आहेत, त्याने प्रश्न सुटत नाही. गॅलियम नायट्राइडच्या स्विचमुळे आयसी जास्त वेगाने तोडतो आणि ट्रान्सफॉर्मर आखडतो. पण मेन्स ५० हर्ट्झचीच आहे, दोन शिखरांमधलं अंतर तेवढंच आहे, म्हणून मुख्य डबा आखडत नाही. मग त्याला आडवा झोपवतात, बारीक आणि लांब करतात, ट्रान्सफॉर्मरला खेटवतात. बाहेरच्या बाजूला घन पॉलिमरचे कपॅसिटर आले, हा खरा फायदा: त्यात द्रव नसतो आणि २० अंश कमी झाले की आयुष्य दहापट होतं, म्हणजे १०५ला २,००० तासांचा पॉलिमर ८५ला २०,००० तास देतो. ४०० व्होल्टच्या बाजूला मात्र त्यांचा अजून पाड लागत नाही. नाशिकला अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्ससारखी कंपनी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बनवते, पण ते मोठ्या यंत्रांचे. ॲडॉप्टरमधले बारके डबे बहुतेक बाहेरूनच येतात.

दुरुस्तीला आलेल्या ॲडॉप्टरमध्ये एकच डबा बदलून भागवू नये; तिघांचं वय सारखंच असतं आणि तिसरा, बारका, आधी बदलावा. जागेत मावेल तितका उंच डबा घ्यावा, १०५ अंशांचा, मालिकेचं नाव छापलेला, म्हणजे तास माहितीपत्रकात शोधता येतात. फार वर्षं दुकानात पडून राहिलेला डबा थेट मेन्सवर लावण्याआधी कमी करंटने हळूहळू चार्ज करून घ्यावा, कारण वापराविना ऑक्साइडचा थर विरलेला असतो. बाहेरच्या बाजूच्या डब्याचे पाय थोडे लांब ठेवून तो डायोडपासून दूर वाकवावा. चार-पाच अंश एवढ्यानेही उतरतात, आणि वरच्या नियमाने ते जवळपास तिसरा हिस्सा जादा आयुष्य.